बेसबॉलचा तोल आणि मालकांचा दावा

आता मालकांचा जुना दावा तपासू. अमेरिकेत एकदा करार केला की खेळाडू त्याच संघाला जखडलेला असायचा. करार पुढे चालू ठेवायचा हक्क मालकाचा. का, तर खेळाडू मोकळे सोडले की श्रीमंत संघ सगळे चांगले उचलून नेतील, चुरस उरणार नाही. ऐकायला पटतं. पण बघा, 1947 ते 1964 या 18 हंगामांत न्यूयॉर्क यांकीजने अमेरिकन लीग 15 वेळा जिंकली. खेळाडू तर जखडलेलेच होते!

मग ते तिथे पोहोचले कसे? मालकच विकत होते, अदलाबदल करत होते. रॉजर मॅरिस 1959च्या डिसेंबरात कॅन्सस सिटीहून यांकीजकडे गेला तो असाच. 1961मध्ये त्याने 61 होम रन मारून बेब रूथचा विक्रम मोडला. अर्थतज्ज्ञ सायमन रॉटेनबर्ग यांनी 1956मध्येच मांडलं होतं, की खेळाडू शेवटी जिथे त्याच्यामुळे जास्त कमाई होते तिथेच जातो. बंधनामुळे फरक पडतो तो पैसा कुणाच्या खिशात जातो, एवढ्यात. सगळ्या वादाची मेख आपल्याला इथेच दिसते.

1975मध्ये लवादाने ते बंधन मोडलं. आता 2002 बघा: यांकीजचा पगारखर्च सुमारे साडेबारा कोटी डॉलर, ओकलंडचा जेमतेम चार कोटी. दोघांनीही 103 सामने जिंकले, दोघेही बाद फेरीच्या पहिल्याच टप्प्यात घरी! म्हणून पैसा चालत नाही असं नाही हं. आदल्याच हिवाळ्यात ओकलंडचा जेसन जिआंबी गेला, तो यांकीजकडेच. फक्त यावेळी सात वर्षांचे 12 कोटी डॉलर त्याला स्वतःला मिळणार होते.