कुंपणाचा थर

विल्सन सोडून लुकसच्या रस्त्याला लागलं की झाडंच दिसेनाशी होतात. कॅन्ससमधला हा जेमतेम 29 किलोमीटरचा पट्टा. मध्ये विल्सन धरणाचं पाणी, बाकी सगळे गवताचे उतार. त्या गवतात काटेरी तारा अंगावर वागवत दगडी खांब उभे असतात. रंग पिवळसर, आणि बहुतेकांच्या अंगावरून वरपासून खालपर्यंत गंजाच्या रंगाची एक रेघ.

1862 च्या होमस्टेड कायद्यानं इथे कुटुंबाला 160 एकर मिळत. रेल्वे आली, तिच्यामागून व्होल्गाकाठचे जर्मन आणि चेक शेतकरी आले. 1874 मध्ये ग्लिडनच्या काटेरी तारेला पेटंट मिळालं आणि कुंपण स्वस्त झालं. पण तार कशाला बांधायची? लाकूड म्हणाल तर ओढ्याकाठी चार कॉटनवूड.

उत्तर पायाखाली होतं. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. त्याच्या तळाशी साचलेल्या चुनखडीचा एक थर उताराच्या कडेला मातीखाली फार खोल नाही. जाडी साधारण वीतभर, आणि कोसच्या कोस गेलात तरी तीत फारसा फरक पडत नाही. म्हणजे खांबाच्या दोन बाजू आयत्या तासलेल्या. उरलेल्या दोन तेवढ्या आपण फोडायच्या.

त्या फोडण्यात मी एक दुपार घालवली. यजमान सत्तरीचा शेतकरी, बोलणं बेतशीर. माती सरकवून उघड्या केलेल्या लादीवर त्यानं दोरीनं रेघ मारली आणि तिच्यावर वीत-वीत अंतरानं भोकं पाडली. ताजा दगड आश्चर्य वाटावं इतका मऊ. नखानं ओरखडा उठतो. त्याच्या अंगात पाणी असतं. उघड्यावर पडून ते उडालं की तोच दगड कठीण होतो. म्हणून काम ओल असतानाच उरकायचं. प्रत्येक भोकात लोखंडाच्या दोन पट्ट्या (यांना इथे ‘फेदर’ म्हणतात, पीस!) आणि त्यांच्या मधोमध पाचर. पूर्वी हिवाळ्यात भोकांत पाणी ओतून ठेवायचे. रात्री गोठलं की बर्फच पाचरीचं काम करी.

आता घण माझ्या हाती. मी पहिल्याच पाचरीवर सगळा जोर काढला. म्हाताऱ्यानं मनगट धरलं. एकेकीला एक हलका ठोका, पुढची, शेवटापर्यंत. मग पुन्हा पहिलीपासून. लहानपणी आमच्याकडे विहिरीवर आलेले वडार असंच करत, हे तेव्हा आठवलं; त्यांचा दगड काळा बसाल्ट, घामही बहुधा दुप्पट. प्रत्येक फेरीला पाचरीचा आवाज चढत जातो. आधी बद्द, मग टणक, मग जवळजवळ सुरात. तो चढायचा थांबला की मागे सरायचं. काही क्षण काहीच होत नाही. मग कापड फाटल्यासारखा आवाज, आणि केसाएवढी रेघ भोकाभोकांतून धावते.

माझी मात्र शेवटच्या हातभर अंतरावर वाकडी धावली. पहिल्या घावाचं ते फळ.

असा पाच-सहा फुटी खांब दीड-दोनशे किलोंचा भरतो. त्याच्यात खिळा ठोकता येत नाही. कडांना खाचा पाडून तार बांधतात. 1920 नंतर तयार लाकडी आणि पोलादी खांब आले आणि खाणी थांबल्या.

लुकसची वस्ती आज तीन-चारशे. एस. पी. डिन्समूर या यादवी युद्धातल्या सैनिकानं 1907 मध्ये इथे ‘ओंडक्यांचं’ घर बांधायला घेतलं. ओंडके अर्थात याच दगडाचे, टोकं लाकडासारखी एकमेकांत अडकवलेली. झाडं नसलेल्या मुलखातला हा विनोद मला त्याच्या अंगणातल्या सिमेंटच्या पुतळ्यांपेक्षा जास्त आवडला.

संध्याकाळी मी तुटक्या तुकड्याबद्दल ओशाळून बोललो. म्हाताऱ्यानं तो पायानं उलटून पाहिला. कोपऱ्यावरच्या खांबाला तारेचा ताण दोन्हीकडून येतो, तिथे तिरपा टेकू लागतो. त्याला हा चालेल, म्हणाला, आणि ट्रॅक्टर आणायला गेला.