शरदातील फेरी आणि नोंदवही

आश्विन महिना लागला म्हणजे आपल्या सचिनचे रूप पालटते. पावसाळाभर गढूळलेले आभाळ निवळते, खाडीचे पाणी उतरते, भाताच्या लोंब्या पिवळ्या पडू लागतात आणि उसाची पाने वाऱ्यावर सळसळतात. एका बाजूस कारखान्यांची धुराडी आणि दुसऱ्या बाजूस हे शिवार, यांच्यामधून आपल्यापैकी पुष्कळजण दररोज जातात-येतात. परंतु जाणे निराळे आणि पाहत जाणे निराळे. पाहत चालण्याने निसर्गाच्या रक्षणास पैसा कसा मिळू शकतो, आणि पैशाहूनही मोलाचे काय मिळते, हे येथे सांगावयाचे आहे.

चालणे आणि देणे यांचा संबंध आपल्याकडे नवा नाही. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्ली येथे विनोबांना भूमिहीनांसाठी शंभर एकर जमीन मिळाली. त्यानंतर ते वर्षानुवर्षे पायी हिंडले व लोकांनी त्यांना लाखो एकरांचे दान दिले. जो स्वतः चालून कष्ट घेतो त्याच्या शब्दाला वजन येते, हे त्यातील मर्म होय. निसर्गासाठी फेरी काढून निधी जमविण्याची पद्धतही याच मर्मावर उभी आहे. चालणारा महिनाभर रोज अर्धा तास फिरण्याचा नेम करतो. नातलग व शेजारी त्याचे पाठीराखे होऊन लहानशी रक्कम देण्याचे कबूल करतात. जमलेला निधी झाडे लावून ती जगविणे, तळे स्वच्छ करणे, जखमी पक्ष्यांवर उपचार करणे अशा कामांस दिला जातो.

गेल्या शरदात आम्ही आमच्या वर्गासह हा नेम करून पाहिला. पहिल्या आठवड्यात जो अधिक पावले चालेल त्याला अधिक पैसे, असा नियम होता. मुले धावतच सुटली! परत आल्यावर "काय पाहिले?" असे विचारले, तर बहुतेकांपाशी उत्तर नव्हते. सर्वांच्या मागे राहिलेल्या एका मुलीने मात्र विजेच्या तारेवरचा कोतवाल, खाडीवरचा खंड्या आणि वेडा राघूंची जोडी अशी यादीच वाचून दाखविली. तेव्हा आम्ही पावले मोजणे सोडले आणि प्रत्येकाच्या हाती एक नोंदवही दिली. तारीख, वेळ, जागा, काय दिसले, किती दिसले आणि ते काय करीत होते, असे सहा रकाने तीत आखून घेतले.

नोंदवही हाती येताच रस्ता जणू लांबला. सायंकाळी कोठून तरी उग्र गोड वास येतो आणि तो सातविणीच्या फुलांचा असतो, हे पुष्कळांना प्रथमच कळले. इतकी वर्षे त्याच झाडाखालून जाऊनही आम्हीसुद्धा मान वर करून कधी पाहिले नव्हते. पुढे एके सकाळी खाडीच्या काठी करड्या-पांढऱ्या रंगाचा, शेपूट सारखी खालीवर हलविणारा एक चिमुकला पक्षी दिसला. मराठीत याला धोबी किंवा परीट म्हणतात. आम्ही हे सांगत असताना जवळच्या शेतातील एक गुजराती काका हसून म्हणाले, "आमच्याकडे हा दिवाळीघोडो!" हिमालय व त्यापलीकडील थंड मुलुखांतून हा पक्षी शरदात येथे उतरतो आणि वसंतात परत जातो. ज्यांनी त्याला हे नाव दिले त्यांच्यापाशी वही नव्हती. परंतु तो केव्हा येतो हे त्यांनी दरवर्षी पाहिले होते. ते एक नाव म्हणजे कित्येक पिढ्यांची नोंदच आहे.

आता एक चूक सांगितली पाहिजे. नोंदवही आल्यावर प्रत्येक नव्या नोंदीस एक रुपया, असा नियम आम्ही केला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी एका मुलाच्या वहीत 'नीलकंठ, दोन' असे लिहिलेले आढळले. कोठे दिसले, असे विचारताच तो गडबडला. थोड्या वेळाने खाली मान घालून म्हणाला, "बाई, दिसला नाही. दसऱ्याला नीलकंठ दिसणे शुभ असते, असे आजी म्हणते. आणि वही कोरी राहिली असती तर मामांनी पैसे दिले नसते." आम्हाला त्याचा राग आला नाही. दोष त्याचा कमी आणि आमच्या नियमाचा अधिक होता. नोंद विकत घेऊ लागले की खोटी नोंदही बाजारात येते.

ही नोंद खोटी ठरणे का गंभीर होते, हेही समजून घेतले पाहिजे. २०२३ साली भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयी एक मोठा अहवाल प्रसिद्ध झाला. तीस हजारांहून अधिक पक्षिनिरीक्षकांनी केलेल्या सुमारे तीन कोटी नोंदींवरून ९४२ जातींच्या पक्ष्यांची स्थिती त्यात अजमावली आहे. या निरीक्षकांत आपल्यासारखी साधी माणसेच फार. नीलकंठ, ज्याला चास किंवा नीलपंख असेही म्हणतात, तो बारा वर्षांत सुमारे ३० टक्क्यांनी घटला, असे त्या अहवालात आढळून आले. दसऱ्याला ज्याचे दर्शन आपण शुभ मानतो तोच पक्षी विरळ होत चालला आहे. नसलेले नीलकंठ वह्यांतून उडू लागले, तर खरे नीलकंठ नाहीसे होत असल्याचे कोणाला कळणार?

म्हणून नियम पुन्हा बदलला, आणि हीच पद्धत आम्ही सर्वांना सुचवितो. पैसा नोंदीस नव्हे, फेरीस द्यावा. 'आज काही दिसले नाही' ही देखील पूर्ण नोंद समजावी. हिशोब सोपा आहे. पाच पाठीराख्यांनी फेरीस दोन-दोन रुपये दिले, तर ३० फेऱ्यांचे ३०० रुपये होतात. असे ४० विद्यार्थी असले तर १२,००० रुपये. कोणाच्या खिशास ते जड जात नाहीत. मात्र प्रत्येक रुपयाची पावती द्यावी आणि खर्चाचा तक्ता शाळेच्या फलकावर लावावा. पैशाचा हिशोब आणि पक्ष्यांचा हिशोब दोन्ही सारखेच चोख हवेत.

एक वही काय करणार, असे कोणी म्हणेल. मुंबईत १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ निसर्गप्रेमी आपापली निरीक्षणे एकमेकांस सांगण्यासाठी एकत्र आले. त्यातूनच बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही थोर संस्था जन्मास आली. दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. आपल्यापैकी पुष्कळांची कुटुंबे मूळची खानदेशातील. गावी जाताना गाडी नवापूर स्थानकावर थांबते. हे स्थानक निम्मे गुजरातेत आणि निम्मे महाराष्ट्रात आहे. त्याच नवापुराहून १ नोव्हेंबर १९८७ रोजी पश्चिम घाट वाचविण्यासाठी एक पदयात्रा निघाली. दुसरी तुकडी कन्याकुमारीहून निघाली. वाटेतील डोंगर, राने आणि माणसे यांची स्थिती पाहत दोन्ही तुकड्या फेब्रुवारी १९८८ मध्ये गोव्यात फोंड्याजवळील रामनाथीस भेटल्या. आमची मातृभाषा कोंकणी. म्हणून ज्या वाटेचे एक टोक आपल्या मुलांच्या गावाकडे आणि दुसरे आमच्या माणसांत आहे, ती वाट आम्हाला विशेष जिव्हाळ्याची वाटते. पुढे २०१२ साली पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. ज्या घाटाला जगाने नंतर ओळखले, तो या माणसांनी आधी पायांनी ओळखला होता.

त्या मुलाने पुढे एकही फेरी चुकविली नाही. त्याच्या वहीत बारा दिवस 'नीलकंठ नाही' असे लिहिलेले आहे. मामांनी त्या बाराही दिवसांचे पैसे आनंदाने दिले. येत्या शरदात ती वही पुन्हा उघडेल. तुम्हीही आपली एक वही करा, घरच्या वडीलमाणसांना पाठीराखे करा आणि जे दिसेल तेवढेच लिहा. निधी महिन्यात संपेल. पाहण्याची सवय जन्मभर पुरेल.