जगबुडीकाठी पंचवीस विधाने

मानसशास्त्रातली प्रश्नावली मराठीत आणणे म्हणजे भाषांतर, असे बाहेरून वाटते. पण तो त्यातला सोपा भाग. एकाने मराठी करायचे, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यायचे, मग दोन्ही प्रती शेजारी ठेवून तपासायच्या. हे सगळे टेबलावर उरकते. कोकणातल्या खेडमध्ये पोरांसमोर कागद ठेवला की खरी अडचण कळते.

आमच्या हातात कॉनर आणि डेव्हिडसन यांची मोजपट्टी होती. संकटातून माणूस कितपत सावरतो याचा अंदाज घेणारी, 2003 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेली. 25 विधाने, प्रत्येकाला 0 ते 4 गुण, एकूण 100. विशीतल्या मुलामुलींना एकेकटे बसवायचे आणि खूण करून झाली की विचारायचे, "हे वाचताना डोळ्यांसमोर काय आलं?"

बदलाशी जुळवून घेण्याच्या विधानाला लोटे इथल्या कारखान्यात कंत्राटी कामाला जाणाऱ्या एका मुलाने सरळ 4 दिले. डोळ्यांसमोर काय आले? "शिफ्ट बदलली की आदल्या रात्री फोन येतो. नाय गेलो तर काम जातं." हा नाइलाज, आणि कागदावर त्याचे पैकीच्या पैकी गुण. एक मुलगी 'मी खंबीर आहे'पाशी थांबली. जुलै 2021 मध्ये जगबुडी नदीचे पाणी बाजारपेठेत शिरले होते, त्याबद्दल म्हणाली, "मी एकटी कुठे सावरले? चिखल वाडीने काढला, पैसे मुंबईच्या काकांनी पाठवले." तिने 2 वर खूण केली. तिला दुबळी कोण म्हणेल?

देव किंवा दैव मदतीला येण्याबद्दलही एक विधान आहे. हिंदू आणि मुसलमान मुलांना ते खटकले नाही. बौद्धवाडीतल्या मुलाने मात्र ठामपणे 0 लिहिला. त्याच्या घरात देव-दैव मानत नाहीत आणि त्याचा त्याला अभिमान आहे. त्या अभिमानापायी त्याचे 100 पैकी 4 गुण गेले! विधान परस्पर बदलताही येत नाही. त्याला मूळ लेखकांची परवानगी लागते.

2007 साली निघालेल्या 10 विधानांच्या छोट्या आवृत्तीत हे विधान नाही. पण जवळच्या माणसांच्या आधाराचे विधानही तिथे गळले आहे. गणिताच्या दृष्टीने ती आवृत्ती नेटकी आहे, वेळही वाचतो. तरीही खेडच्या मुलांसाठी ती एकटी वापरू नये, असे माझे मत झाले आहे. काका, वाडी, मंडळ वगळून इथला माणूस मोजला तर उरते फार थोडे.

ऋतूचेही पाहावे लागते. खेड तालुक्यातल्या पोसरे खुर्दच्या बौद्धवाडीवर दरड कोसळली तीही जुलै 2021 मध्येच. त्या तालुक्यात धुवाधार पावसात ही प्रश्नावली भरून घेतली तर उत्तरे कशाची येतील? आणि कुणी बोलता बोलता रडू लागले तर कागद बाजूला ठेवायचा. 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा क्रमांक प्रत्येक प्रतीवर छापलेला हवा.

मूळ अभ्यासात अमेरिकेतल्या सर्वसाधारण लोकांची सरासरी सुमारे 80 आली होती. कोकणातल्या महाविद्यालयांना एवढीच विनंती: आपल्या मुलांचे गुण त्या 80 शेजारी मांडू नका. आधी चार मुलांजवळ बसा आणि त्यांनी ती खूण का केली, ते विचारा.