रेसिंग कारची रिम आणि टायरची उंची
फॉर्म्युला वनच्या गाड्या अनेक दशके 13 इंची रिमवर धावल्या. 2022 मध्ये रिम 18 इंची झाली, पण टायरचा व्यास 670 मिलिमीटरवरून 720 पर्यंतच वाढला. रिम 127 मिलिमीटरने मोठी आणि टायर जेमतेम 50 ने. हा फरक साइडवॉलमधून कापला गेला. रिमपासून रस्त्यापर्यंतची रबराची ही भिंत सुमारे 170 मिलिमीटर उंच होती, ती 131 वर आली.

साइडवॉल ही खरे तर हवेवर चालणारी स्प्रिंग. जुन्या गाड्यांचे सस्पेन्शन इतके ताठ असे, की चाक ट्रॅकच्या कडेच्या कर्बवर चढले की हादऱ्याचा मोठा वाटा टायरच पचवी. अडचण अशी, की या स्प्रिंगची उसळी डॅम्परला (सस्पेन्शनमधल्या शॉक अॅब्सॉर्बरला) नीट आवरता येत नाही. रबर जिरवेल तेवढीच जिरते. साइडवॉल आखूड झाल्यावर ते काम सस्पेन्शनवर येते.

वळणावर फरक लगेच जाणवतो. स्टिअरिंग फिरवले की आधी रिम वळते, मग साइडवॉल पिळली जाते आणि त्यानंतर रस्त्याला टेकलेला भाग वळतो. भिंत आखूड असेल तर हा उशीर घटतो, गाडी चटकन वळते. मात्र उंच टायर पकड सुटण्याआधी ड्रायव्हरला अंदाज देतो. आखूड टायरची पकड बहुधा अचानक सुटते. गाडीभोवतीच्या हवेच्या प्रवाहाच्या दृष्टीनेही आखूड भिंत सोयीची: ती कमी दबते, त्यामुळे गाडीच्या तळाची जमिनीपासूनची उंची कमी बदलते.

मोठी रिम म्हणजे आपोआप जास्त वेग, हा समज मात्र चुकीचा आहे. रिमचे वजन वाढते आणि ते अक्षापासून दूर जाते, म्हणून चाक फिरवायला आणि थांबवायलाही जास्त जोर लागतो. रिमच्या आत मोठ्या ब्रेकला जागा मिळते, हा खरा लाभ. फॉर्म्युला वनमध्ये पुढच्या डिस्कचा व्यास 278 मिलिमीटरवरून सुमारे 330 झाला.

ड्रॅग रेसिंगला, म्हणजे सरळ पट्ट्यावरच्या छोट्या शर्यतीला, नेमके उलटे हवे असते. तिथे मागच्या टायरची साइडवॉल उंच, पातळ आणि हवा अगदी कमी. गाडी सुटताना ती भिंत चुरगळते, इंजिनाचा झटका झेलते आणि टायरचा जास्त भाग रस्त्याला चिकटवते. वेग वाढला की तोच टायर ताणून उंच होतो. मग चाकाच्या एका फेरीत गाडी जास्त अंतर कापते, म्हणजे गिअर न बदलता वरचा गिअर टाकल्याचा फायदा मिळतो.