तोफा थांबल्यावरही न संपलेले युद्ध

श्रीलंकेतील यादवी युद्ध जुलै १९८३ मध्ये पेटले आणि मे २००९ मध्ये मुल्लैतिवू जिल्ह्यातील एका चिंचोळ्या किनारपट्टीवर संपले. या सव्वीस वर्षांची हकिकत सहसा दोन बाजूंची म्हणून सांगितली जाते: एकीकडे सिंहली बहुसंख्याकांचे सरकार आणि लष्कर, दुसरीकडे स्वतंत्र तमिळ ईलमसाठी लढणारी लिट्टे. सामान्य तमिळ माणसाला मात्र या दोन्ही बाजूंची सारखीच धास्ती होती. लष्कर त्याला लिट्टेच्या वाघांचा हस्तक समजे, वाघ त्याला आपली मालमत्ता समजत. तमिळ, मुस्लिम आणि सिंहली अशा तिन्ही समाजांतील नागरिकांच्या वाट्याला युद्धाचे भोग आले, प्रत्येकाच्या वाट्याला वेगळ्या तऱ्हेने आले, आणि त्यातले बरेचसे आजही निस्तरलेले नाही.

भांडणाची मुळे स्वातंत्र्याच्या वर्षापासूनची आहेत. १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने चहामळ्यांत राबणाऱ्या भारतीय वंशाच्या लाखो तमिळांचे नागरिकत्व गेले. १९५६ मध्ये सिंहली ही एकमेव राजभाषा झाली आणि तमिळ भाषकांसाठी सरकारी नोकरीचे दरवाजे बंद होत गेले. सत्तरच्या दशकात विद्यापीठ प्रवेशाचे नियम असे बदलले, की तमिळ विद्यार्थ्यांना त्याच जागेसाठी अधिक गुण मिळवावे लागू लागले. सुमारे १३ टक्के असलेल्या श्रीलंकन तमिळांची सनदशीर चळवळ १९५८ च्या दंगलींपासून मार खात राहिली. १९७९ मध्ये दहशतवाद प्रतिबंधक कायदा आला. १९८१ मध्ये जाफन्याचे सार्वजनिक ग्रंथालय जाळण्यात आले. त्यात सुमारे ९७ हजार ग्रंथ आणि ताडपत्रावरची हस्तलिखिते राख झाली. पुस्तके जाळूनही एका समाजाला तुम्ही इथले नव्हेत असे सांगता येते, हे त्या रात्री जाफन्याला कळले.

२३ जुलै १९८३ रोजी जाफन्याजवळ लिट्टेने घातलेल्या सापळ्यात १३ सैनिक ठार झाले. दुसऱ्या दिवशी कोलंबोच्या बोरेल्ला भागातील स्मशानभूमीत त्यांचे अंत्यसंस्कार व्हायचे होते. तिथे जमलेला जमाव शहरात पसरला आणि आठवडाभर तमिळांची घरे, दुकाने, कारखाने जळत राहिले. जमावांच्या हातात मतदार याद्या होत्या. म्हणजे कोणत्या गल्लीतले कोणते घर तमिळांचे, हे शोधायची गरजच नव्हती. शेजारचे सिंहली घर तसेच ठेवून मधले तमिळ घर पेटवले जाई. रस्त्यात गाड्या अडवून माणसांना ओढून काढले गेले. वेलिकडा तुरुंगात दोन वेगवेगळ्या दिवशी ५३ तमिळ कैदी मारले गेले, म्हणजे जिथे सरकारचा पहारा होता तिथेही संरक्षण मिळाले नाही. सरकारी आकडा चारशेच्या आत राहिला, इतर अंदाज तीन हजारांपर्यंत जातात. याच दिवसांत अनेक सिंहली कुटुंबांनी शेजाऱ्यांना माळ्यावर, मोरीत, अंगणातल्या खोपटात लपवले, हेही तितक्याच ठळकपणे नोंदवायला हवे. बेघर झालेल्यांना जहाजांत बसवून जाफन्याला पाठवण्यात आले. ज्यांना जमले ते तमिळनाडू, लंडन, टोरांटो गाठू लागले. लिट्टेकडे भरतीसाठी रांगा लागल्या त्या याच जुलैनंतर.

१९८७ च्या भारत-श्रीलंका करारानंतर भारताची शांतिसेना बेटावर उतरली. लोकांनी आधी तिचे स्वागत केले. ऑक्टोबरमध्ये तिची लिट्टेशी लढाई जुंपली आणि दिवाळीच्या दिवशी जाफन्याच्या रुग्णालयात शिरलेल्या भारतीय जवानांच्या गोळीबारात साठहून अधिक रुग्ण, डॉक्टर, परिचारिका आणि कर्मचारी मारले गेले. सुमारे बाराशे भारतीय जवानही या मोहिमेत कामी आले. भारतात त्यांची आठवण निघते. रुग्णालयाचा उल्लेख भारतात फारसा होत नाही, जाफन्यात मात्र त्याची दरवर्षी आठवण केली जाते.

१९९० नंतरची पाच वर्षे जाफन्याने वीज नसताना काढली. सरकारने उत्तरेकडे जाणाऱ्या मालावर निर्बंध घातले होते, आणि त्या यादीत इंधन, बॅटऱ्या, खते, औषधे अशा रोजच्या गरजेच्या वस्तू होत्या. मुले जॅमच्या रिकाम्या बाटलीत कापसाची वात सोडून, तळाशी जेमतेम बोटभर रॉकेल ठेवून अभ्यास करत. बातम्या ऐकायच्या तर सायकल उलटी करून घरातल्या एकाने पायडल फिरवायचे, आणि डायनामोच्या विजेवर रेडिओ चालवायचा. प्रत्येक अंगणात खंदक खणलेला असे. माणूस वाकून आत शिरेल एवढा खड्डा, वर ताडाचे ओंडके, त्यावर मातीची पोती. विमानाचा आवाज आला की चुलीवरचे भांडे तसेच टाकून सगळे आत. पावसाळ्यात त्यात गुडघाभर पाणी आणि साप असत, तरीही आतच बसावे लागे. आपल्याकडच्या वाचकाला युद्ध म्हणजे सीमेवरची चकमक वाटते. इथे ते परसदारी होते, आणि एका पिढीचे अख्खे बालपण त्यात गेले.

ज्या लिट्टेने या लोकांच्या नावाने लढा उभारला, तिने त्यांना वागवले कसे, हे सांगितल्याशिवाय ही हकिकत पुरी होत नाही. ३० ऑक्टोबर १९९५ च्या संध्याकाळी, लष्कर जाफना शहराकडे सरकत असताना, लिट्टेने ध्वनिक्षेपकांवरून सर्वांना शहर रिकामे करण्याचा हुकूम दिला. चार ते पाच लाख माणसे एका रात्रीत रस्त्यावर आली. सायकलींवर गाठोडी, खांद्यावर म्हातारी माणसे, वरून पाऊस, आणि पुढे नवत्कुळीचा अरुंद पूल. काही किलोमीटरचे अंतर कापायला अनेकांना रात्र पुरली नाही. जाफन्याच्या दक्षिणेकडील वन्नीच्या जंगलपट्ट्यात लिट्टेचे स्वतःचे राज्य होते: पोलीस, न्यायालये, कर. बाहेर जायचे तर परवाना लागे आणि परत येण्याची हमी म्हणून मागे जामीन ठेवावा लागे. घरटी एक माणूस लढ्यासाठी द्यावा, ही सक्ती पुढे पुढे एकावर थांबली नाही. चौदा-पंधरा वर्षांची मुले शाळेच्या वाटेवरून उचलली गेली. युनिसेफकडे अशा हजारो मुलांच्या नोंदी आहेत. लग्न झालेल्यांना सहसा नेत नाहीत म्हणून आईबाप कोवळ्या वयात मुलामुलींची लग्ने उरकू लागले.

उत्तरेतील आणि पूर्वेतील मुस्लिमांची कथा तर या युद्धातही बाजूला पडलेली. तेही तमिळच बोलत. ३ ऑगस्ट १९९० रोजी पूर्वेतील कात्तनकुडीच्या मशिदींत नमाज चालू असताना शंभराहून अधिक जणांना गोळ्या घालण्यात आल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस लिट्टेने उत्तर प्रांतातील सगळ्या मुस्लिमांना निघून जाण्यास फर्मावले. जाफन्यात त्यासाठी अवघे दोन तास दिले गेले. लोकांना एका शाळेच्या मैदानावर गोळा करून, थोडीफार रोकड आणि अंगावरचे कपडे एवढेच घेऊन जायची मुभा दिली गेली. दागिने नाक्यावर काढून घेतले, बायकांच्या कानांतलेही. सत्तर हजारांहून अधिक माणसे दक्षिणेकडील पुत्तलमकडे चालू लागली आणि काही वर्षांपुरते म्हणून उभारलेल्या छावण्यांत त्यांची दुसरी पिढी जन्मली. या हकालपट्टीत मोठा रक्तपात झाला नाही, म्हणून जगाचे लक्षही गेले नाही. एका वंशाला एका प्रदेशातून पुसून टाकण्याचे याहून स्वच्छ उदाहरण शोधावे लागेल.

सिंहली नागरिकांनीही सोसले. मे १९८५ मध्ये अनुराधपुरात बसस्थानक आणि पवित्र बोधिवृक्षाच्या परिसरात लिट्टेने १४० हून अधिक लोकांना मारले. तमिळ भागांच्या सीमेवरच्या खेड्यांत माणसे रात्री घरात झोपण्याऐवजी रानात झोपत. जानेवारी १९९६ मध्ये कोलंबोतील मध्यवर्ती बँकेसमोर स्फोट होऊन ९० हून अधिक माणसे गेली. बाँबखेरीज दुसरी एक जखमही दक्षिणेला होती. १९८७ ते १९८९ दरम्यान जनता विमुक्ती पेरमुना या डाव्या सिंहली पक्षाचा उठाव सरकारने इतक्या निर्दयपणे मोडला, की हजारो सिंहली तरुण बेपत्ता झाले. त्यांच्या मातांची आघाडी उभी राहिली. त्या मातांची बाजू लावून धरणाऱ्यांत महिंद राजपक्ष नावाचे तरुण नेते होते. १९९० मध्ये बेपत्ता व्यक्तींची शेकडो कागदपत्रे घेऊन ते जिनिव्हाला निघाले, तेव्हा विमानतळावर ती जप्त झाली. त्यांच्याच अध्यक्षपदाच्या काळात उत्तरेतील तमिळ माताही बेपत्ता मुलांच्या छायाचित्रांच्या फ्रेम घेऊन रस्त्यावर आल्या.

शेवटचा अध्याय २००८ च्या सप्टेंबरात सुरू झाला. सुरक्षेची हमी देता येत नाही असे सांगून सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या कर्मचाऱ्यांना लिट्टेच्या ताब्यातील किलिनोच्चीतून जायला सांगितले. आम्हाला टाकून जाऊ नका, अशी विनवणी करत लोक त्यांच्या कार्यालयाच्या फाटकाबाहेर उभे राहिले. कर्मचारी गेले, आणि बाहेरचे साक्षीदार फारसे उरले नाहीत. २ जानेवारी २००९ रोजी किलिनोच्ची पडले. माघार घेणाऱ्या लिट्टेने लाखो लोकांना आपल्याबरोबर पूर्वेकडे रेटत नेले. २१ जानेवारीला सरकारने पहिले गोळीबारमुक्त क्षेत्र जाहीर केले, लोकांनी तिथे आसरा घ्यावा म्हणून. लोक गेले आणि तोफगोळे तिथेच पडले. फेब्रुवारीत दुसरे क्षेत्र आले, पुदुमात्तलनच्या किनाऱ्यावर जेमतेम १४ चौरस किलोमीटरचे. मेमध्ये तिसरे, २ चौरस किलोमीटरच्या आसपास.

या वाळूत खंदक टिकत नसे, कडा ढासळत. बायकांनी पेटीतल्या साड्या काढल्या, लग्नातल्या कांजीवरमसुद्धा, त्या फाडून पिशव्या शिवल्या, वाळू भरली आणि खड्ड्याभोवती रचल्या. कोलंबोने आत अडकलेल्यांचा आकडा ७० हजारांच्या आसपास सांगितला आणि त्या हिशेबाने धान्य पाठवले. बाहेर आलेली माणसेच पुढे सुमारे २ लाख ९० हजार भरली. तांदळाचे मूठभर दाणे मिठाच्या पाण्यात शिजवून केलेली कांजी एवढेच बहुतेकांचे अन्न होते आणि तिच्या रांगेवरही गोळे पडले. रुग्णालयांचा ठावठिकाणा रेडक्रॉसमार्फत लष्कराला कळवलेला असे, तरी मारा थांबला नाही. मूठभर सरकारी डॉक्टर शाळेच्या वर्गांत, भूल न देता, हातपाय कापण्याच्या शस्त्रक्रिया करत होते. रेडक्रॉसच्या बोटींनी फेब्रुवारी ते मे दरम्यान हजारो जखमींना किनाऱ्यावरून हलवले. जे पळून लष्कराच्या हद्दीकडे जाऊ पाहत, त्यांच्यावर लिट्टेचे लोक पाठीमागून गोळ्या झाडत.

१८ मे रोजी सारे थांबले. एकही नागरिक मारला गेला नाही, असा सरकारचा पवित्रा होता. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने २०११ मध्ये मृतांचा आकडा ४० हजारांपर्यंत असू शकतो असे म्हटले आणि दोन्ही बाजूंवरील युद्धगुन्ह्यांचे आरोप विश्वसनीय ठरवले. जगाला फोनवरून आकडे सांगणारे डॉक्टर अटकेत गेले आणि जुलैमध्ये त्यांना पत्रकारांसमोर बसवून ते आकडे मागे घ्यायला लावले गेले. एवढ्या मोठ्या संख्येने माणसे मरावीत आणि त्यांची यादीसुद्धा नसावी, ही या युद्धातली सर्वांत मोठी लाज आहे.

वाचलेल्यांना वावुनियाजवळच्या मेनिक फार्म छावणीत तारेच्या कुंपणामागे ठेवले गेले. ती २०१२ मध्ये बंद झाली. वट्टुवाकलच्या पुलाजवळ शरण गेलेल्या आपल्या माणसांना बसमध्ये बसताना ज्यांनी डोळ्यांनी पाहिले, त्यांनी तेव्हापासून प्रत्येक कचेरी पालथी घातली. फेब्रुवारी २०१७ पासून किलिनोच्चीच्या कंदस्वामी मंदिरासमोर नातेवाईकांचे धरणे सुरू झाले आणि पुढे इतर जिल्ह्यांतही पसरले. उत्तर न मिळताच शंभराहून अधिक आईबाप वारले आहेत. बेपत्ता नवऱ्याच्या बायकोला जमीन नावावर करायला किंवा बँकेतले पैसे काढायला मृत्यूचा दाखला लागे, आणि तो घ्यायचा म्हणजे नवरा मेला असे तिने सही करून कबूल करायचे. त्याऐवजी ‘अनुपस्थितीचा दाखला’ देण्याचा कायदा २०१६ मध्ये झाला, बेपत्ता व्यक्तींचे कार्यालय २०१८ मध्ये सुरू झाले. जानेवारी २०२० मध्ये अध्यक्ष गोटाबाया राजपक्ष यांनी बेपत्ता माणसे मरण पावली आहेत असे सांगून टाकले. कधी, कुठे, कोणाच्या हातून, हे सांगितले नाही.

न्यायालयापर्यंत पोचलेली प्रकरणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. सप्टेंबर १९९६ मध्ये परीक्षेचा पेपर देऊन सायकलवरून परतणारी एक विद्यार्थिनी जाफन्याजवळच्या चेम्मणी येथील लष्करी नाक्यावर अडवली गेली. तिच्यावर बलात्कार करून तिला मारले, आणि तिला शोधत आलेली आई, भाऊ व शेजारी यांनाही मारले. खटला चालला, शिक्षा झाली आणि त्याच वेळी एका दोषी सैनिकाने त्या परिसरात शेकडो प्रेते पुरल्याचे सांगितले. १९९९ मध्ये तिथे १५ सांगाडे मिळाले आणि तपास थंडावला. मिरुसुविल येथे २००० साली मुलांसह आठ तमिळ नागरिकांना मारणाऱ्या सैनिकाला २०१५ मध्ये फाशी सुनावली गेली. मार्च २०२० मध्ये अध्यक्षांनी त्याला माफी देऊन सोडले.

२०२५ मध्ये चेम्मणी परिसरात स्मशानभूमीच्या बांधकामासाठी खणताना पुन्हा हाडे लागली. न्यायालयाच्या देखरेखीखाली झालेल्या उत्खननात दोनशेहून अधिक सांगाडे निघाले, त्यांत लहान मुलांचेही होते. सोबत सापडलेले दप्तर, खेळणे, दुधाची बाटली अशा वस्तू ओळख पटवण्यासाठी ऑगस्टमध्ये लोकांना दाखवण्यात आल्या. सध्या सत्तेवर असलेले अनुरा कुमार दिसानायके ज्या पक्षाचे नेते, तो जनता विमुक्ती पेरमुना. त्याचेही हजारो कार्यकर्ते ऐंशीच्या दशकात असेच गायब झालेले. आधीच्या सरकारने बेपत्ता व्यक्तीमागे दोन लाख श्रीलंकन रुपये देऊ केले, तेव्हा उत्तरेतील नातेवाईकांच्या संघटनांनी ते नाकारले. सरकारी चौकशी समित्यांवर त्यांचा विश्वास उरलेला नाही. आंतरराष्ट्रीय तपास आणि जबाबदार अधिकाऱ्यांवर खटले, एवढीच त्यांची मागणी आहे.