उपनगरांचा किनारा टिपताना

मुंबईच्या छायाचित्रांचा विषय निघाला की मरिन ड्राइव्ह, गेटवे ऑफ इंडिया आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस यांच्या पलीकडे सहसा कोणी जात नाही. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही नावे घेतली की डोळ्यांपुढे उभी राहते ती लोकलची गर्दी. वस्तुतः निसर्गाने या उपनगरांना दक्षिण मुंबईपेक्षा अधिक दिले आहे. पश्चिमेला जुहू, वर्सोवा, मढ, आक्सा, मनोरी आणि गोराईचा किनारा आहे, तर मधोमध राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आणि तुळशी, विहार, पवई ही तीन तळी आहेत. पूर्वेला मुलुंडपासून घाटकोपरच्याही खाली ठाण्याची खाडी पसरली आहे. कॅमेऱ्याच्या दृष्टीने याचा सरळ अर्थ असा, की पश्चिम उपनगरांच्या वाट्याला पाण्यावरचा सूर्यास्त आला आहे आणि पूर्व उपनगरांच्या वाट्याला पाण्यावरचा सूर्योदय. डिजिटल कॅमेरे आणि मग मोबाइल हाती आल्यापासून रविवारी पहाटे तिपाई खांद्यावर टाकून घराबाहेर पडणाऱ्या हौशी मंडळींच्या हे चांगलेच ध्यानात आले आहे.

हा छंद मुंबईला नवा नाही. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना १८५४ साली झाली. छायाचित्रणाचा शोध जगापुढे जाहीर झाला तो १८३९ मध्ये, म्हणजे त्यानंतर अवघ्या पंधरा वर्षांत या शहराने हौशी छायाचित्रकारांची संस्था काढली होती. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे दोघेही या संस्थेशी संबंधित होते. नारायण दाजींनी तर स्वतः कॅमेरा हाताळून नाव मिळवले. एल्फिन्स्टन संस्थेत १८५५ मध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला आणि हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे छायाचित्रकार त्यातून तयार झाले. विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी १८५६ पासून ‘द इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक आल्बम’ हे प्रकाशन चालवले. त्याच्या नावातच ‘हौशी’ हा शब्द होता. त्या काळी कोलोडियन पद्धतीची काच ओली असतानाच चित्र घ्यावे लागे आणि तिथल्या तिथे धुवावे लागे. त्यामुळे कॅमेऱ्याबरोबर रसायने आणि काळोखा तंबूही वाहून न्यावा लागे. बोरिवली आणि मुलुंड बृहन्मुंबईत आले ते १९५७ साली. त्याआधीच्या शतकात साष्टीतील लेण्यांपर्यंत असा सरंजाम घेऊन जाणे ही लहानशी मोहीमच असणार.

आज सरंजाम खिशात मावतो, पण प्रकाशाचे गणित बदललेले नाही. मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे सूर्य क्षितिजाकडे बऱ्यापैकी उभा उतरतो आणि संधिप्रकाश लवकर संपतो. सूर्य मावळल्यानंतर आकाशात काम करण्याजोगा उजेड राहतो तो वीस-बावीस मिनिटेच. युरोपातील पुस्तकांत निळ्या प्रकाशाची जी निवांत वर्णने असतात, ती इथे लागू पडत नाहीत. तिपाई लावून चौकट ठरवण्याचे काम सूर्य अजून हातभर वर असतानाच उरकायला हवे.

सूर्य ‘पश्चिमेला’ मावळतो हेही वर्षातून दोनच दिवस अक्षरशः खरे असते. जूनच्या अखेरीस मुंबईत तो नेमक्या पश्चिमेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला मावळतो आणि डिसेंबरात तितकाच दक्षिणेला. म्हणजे वर्षभरात मावळतीचा बिंदू क्षितिजावर सुमारे ५० अंश सरकतो. जुलैच्या आरंभी सूर्यास्त ७ वाजून २० मिनिटांच्या आसपास होतो, तर नोव्हेंबरच्या अखेरीस सहाच्या ठोक्याला. याचा व्यवहारातला उपयोग असा: वांद्र्याच्या किल्ल्यावरून वांद्रे-वरळी सागरी सेतू दक्षिणेला दिसतो. सूर्य आणि सेतू त्यातल्या त्यात जवळ येतात ते डिसेंबरात, जूनमध्ये नव्हे. तरीही दोन्ही एका चौकटीत बसवायला रुंद कोनाचे भिंग लागते. मात्र डिसेंबर-जानेवारीत हवेतील धुरकट थर इतका दाट असतो, की सूर्य पाण्याला टेकण्याआधीच पुष्कळदा विरून जातो. रंगांची खरी उधळण पाहायची तर पावसाळ्याचा शेवट गाठावा. धुतलेली हवा आणि फुटलेले ढग सप्टेंबरात एकत्र मिळतात.

सूर्याची वेळ मोबाइलवर पाहणारे अनेक जण समुद्राची वेळ मात्र पाहत नाहीत. किनाऱ्याच्या चित्रात आकाशाइतकाच वाटा भरती-ओहोटीचा असतो. जुहू, वर्सोवा किंवा आक्साला एकाच जागी आठ दिवसांच्या अंतराने उभे राहिले तर दोन वेगळे किनारे दिसतात. एकदा पाणी संरक्षक भिंतीशी आलेले असते, तर एकदा ओल्या वाळूचा आरसा दूरवर पसरलेला असतो आणि आकाश त्यात उतरलेले असते. दुसऱ्या प्रकारच्या चित्रासाठी सूर्यास्ताला ओहोटी हवी. ती कधी असेल, हे सांगणारा ठोकताळा कोकणातल्या दर्यावर्दींकडे आणि जलदुर्ग पाहणाऱ्या भटक्यांकडे पूर्वापार आहे. तिथीचा आकडा घ्यावा, त्याची पाऊणपट करावी. जो आकडा येईल त्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. याचाच अर्थ असा, की पौर्णिमा, अमावास्या आणि त्यांच्या लगतच्या प्रतिपदेला मुंबईत ओहोटी नेमकी सूर्यास्ताच्या आसपास येते, आणि ती उधाणाची असल्यामुळे पाणी नेहमीपेक्षा अधिक मागे हटते. वर्सोव्याचे आणि मढचे खडक, त्यांतली पाण्याची डबकी, कोळ्यांच्या होड्या चिखलात टेकलेल्या, हे सारे त्याच दोन-तीन संध्याकाळी दिसते. ठोकताळ्यात तासभराचा फरक पडू शकतो. अचूक वेळेसाठी भरतीचे अधिकृत कोष्टक पाहावे. पण भिंतीवरच्या कालनिर्णयावरून महिनाभराचा बेत आखायला तो पुरतो.

या ठोकताळ्याची दुसरी बाजू जिवाशी संबंधित आहे. भरतीचे पाणी सहा तासांत सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात ते जेमतेम हलते. तिसऱ्या आणि चौथ्या तासांत सर्वाधिक वेगाने येते. खडकाच्या टोकाशी बसलेल्या माणसाला पहिला तास निर्धास्त करतो. त्याच्या मागचा सखल भाग आधी भरतो आणि परतीची वाट तुटते. तोवर अंधारही झालेला असतो. उधाणाच्या दिवसांत मुंबईत समुद्राची पातळी चार ते पाच मीटरने वरखाली होते, तेव्हा हा धोका पुस्तकी राहत नाही. जानेवारी २०१६ मध्ये वांद्र्याच्या बॅण्डस्टँडवर सेल्फी काढताना एक तरुणी समुद्रात पडून मरण पावली आणि तिला वाचवण्यासाठी उडी घेणाऱ्यालाही प्राण गमवावे लागले. जुलै २०२३ मध्ये त्याच परिसरात खडकावर बसलेली एक महिला कुटुंबीयांच्या डोळ्यांदेखत लाटेने ओढून नेली. त्या वेळी चित्रीकरण चालू होते. आक्साचा किनारा तर बुडण्याच्या दुर्घटनांसाठीच कुप्रसिद्ध आहे. पावसाळ्यात साडेचार मीटरहून मोठ्या भरतीचे दिवस महापालिका आधीच जाहीर करते. ती यादी छायाचित्रकारांनी ‘मोठ्या लाटांचे मुहूर्त’ म्हणून वाचू नये, एवढीच अपेक्षा.

किनारा सोडून आत वळले की प्रश्न बदलतो. उपनगरांच्या बहुतेक प्राचीन खुणा काळ्या बेसॉल्ट खडकातल्या आहेत. काळा दगड आणि पांढरे आकाश एकाच चौकटीत आले की कॅमेरा गोंधळतो. दगडाचे तपशील राखावेत तर आकाश जळते आणि आकाश राखावे तर दगडाचा नुसता डाग होतो. उपाय महागड्या कॅमेऱ्यात नाही. ढगाळ दिवस निवडावा किंवा आकाश चौकटीबाहेर ठेवावे. पावसात भिजलेल्या कान्हेरीच्या पायऱ्या आणि पाण्याची टाकी भर दुपारीही सुंदर येतात, ती याच कारणाने. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असते आणि लेण्यांपर्यंत पोचेपर्यंत पहाटेचा प्रकाश निघून गेलेला असतो, तेव्हा ढगाळ दुपार हाच तिथला सुवर्णकाळ. कान्हेरी, महाकाली, जोगेश्वरी आणि मंडपेश्वर ही चारही लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. तेथे हातातल्या कॅमेऱ्याला आडकाठी नसते; तिपाई किंवा कृत्रिम दिव्यांसाठी मात्र पूर्वपरवानगी लागते. मढचा किल्ला हवाई दलाच्या ताब्यात असल्याने त्याचे चित्र बाहेरूनच घ्यावे लागते. ड्रोनचा मोह तर उपनगरांत टाळलेलाच बरा. विमानतळ आणि जुहूची धावपट्टी यांमुळे बराच भाग २०२१ च्या ड्रोन नियमांतील निर्बंधांखाली येतो, शिवाय पोलिसांचे मनाई आदेश वेळोवेळी निघतात.

अंधेरीच्या गिल्बर्ट हिलची गोष्ट निराळी. सुमारे ६१ मीटर उंचीचा हा सुळका साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. थंड होताना लाव्हा आकसला, त्याला उभ्या भेगा पडल्या आणि बहुकोनी खांबांची जुडी तयार झाली. अमेरिकेत वायोमिंगमधला ‘डेव्हिल्स टॉवर’ याच जातीचा. त्याच्याभोवती मोकळे रान राखले आहे आणि छायाचित्रकार मैलभरावरून त्याला टिपतात. गिल्बर्ट हिलला महापालिकेने २००७ मध्ये वारसा दर्जा दिला, पण तोवर खाणकामाने त्याचा पायथा पोखरला होता आणि इमारती अगदी कडेला आल्या होत्या. खांबांची पूर्ण उंची दिसावी इतके मागे सरकायला आता जागाच नाही. एखाद्या इमारतीच्या गच्चीवरची ओळख हाच तिथला सर्वोत्तम ‘ॲक्सेसरी’!

पूर्व उपनगरांकडे छायाचित्रकारांचे लक्ष उशिरा गेले. भांडुप, मुलुंड आणि कांजूरमार्गची मिठागरे ही सकाळच्या चित्रांसाठी अपूर्व जागा आहे. बांधांनी पाडलेले उथळ वाफे, त्यात वाऱ्याने न हलणारे पाणी आणि खाडीपलीकडे पारसिकचे डोंगर. सूर्य डोंगराआडून येतो, त्यामुळे पंचांगातल्या वेळेपेक्षा थोडा उशिरा आणि बराच प्रखर होऊन प्रकटतो. म्हणून इथले चांगले चित्र सूर्य दिसण्याआधीच मिळते. हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत खाडीत रोहित पक्षी असतात. ओहोटीत चिखल उघडा पडला की ते खाद्यासाठी दूरवर पसरतात आणि भरती चढू लागली की कडेला सरकतात. कांदळवन विभागाच्या ऐरोली केंद्रातून पक्षीदर्शनाच्या बोटी भरतीच्या वेळा पाहून सुटतात. ठाणे खाडीचा हा भाग २०१५ मध्ये अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत गेला. तरीही २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरवर उतरत्या विमानाची धडक बसून तीसहून अधिक रोहित पक्षी मेले. दुसऱ्या दिवशी त्यांची जी छायाचित्रे सर्वत्र फिरली, त्यांत सौंदर्य नव्हते. पण या पक्ष्यांचा मार्ग शहराच्या ऐन मध्यातून जातो, हे अनेक मुंबईकरांना त्यांतूनच कळले.

इथे हौशी छायाचित्राचा दुसरा उपयोग सुरू होतो. मुलुंड, भांडुप आणि कांजूरमार्गची सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन धारावी पुनर्वसनाच्या घरांसाठी देण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२४ मध्ये घेतला. त्या निर्णयाच्या बाजूने आणि विरोधात बरेच बोलले गेले. पण तिथे २०१० मध्ये पाणी कुठवर असे, बांध कुठे होता, कांदळवनाची कड कुठवर होती, हे दाखवणारी चित्रे सरकारी दप्तरापेक्षा परिसरातल्या रहिवाशांच्या संगणकात अधिक असण्याची शक्यता आहे. वर्सोव्याचा अनुभव याला पूरक आहे. अफरोज शाह यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये तेथे किनारा स्वच्छतेची मोहीम सुरू केली. कचऱ्याचे थर आणि नंतरची मोकळी वाळू, या दोन चित्रांच्या जोडीने जे सांगितले ते टनांच्या आकड्यांनी सांगितले नसते. मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे निघाली, तेव्हाही साक्षीला कॅमेरेच होते.

अशी नोंद उपयोगी पडावी यासाठी फार कौशल्य लागत नाही, शिस्त लागते. एकच जागा ठरवावी, ओळखू येईल असा खडक, दिव्याचा खांब किंवा मंदिराचे शिखर चौकटीच्या त्याच कोपऱ्यात ठेवावे, भिंगाचे अंतर बदलू नये आणि शक्यतो त्याच तिथीला, भरतीच्या त्याच टप्प्यावर चित्र घ्यावे. एरवी पाणी मागे हटले ते भरावामुळे की ओहोटीमुळे, हा वाद मिटत नाही. कॅमेऱ्याचे घड्याळ बरोबर असावे. चित्राच्या फाइलमध्ये तारीख, वेळ आणि मोबाइलच्या बाबतीत स्थळही नोंदले जाते. मित्रांना पाठवताना किंवा रंग चढवताना ही माहिती गळून जाते, म्हणून मूळ फाइल जशीच्या तशी वेगळी जपावी. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये कांदळवनांची तोड आणि त्यांच्यापासून ५० मीटरच्या आत राडारोडा टाकण्यास मनाई केली, तेव्हापासून अशा तक्रारींना छायाचित्राचा आधार लागत आला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार डिजिटल छायाचित्र न्यायालयात द्यायचे तर सोबत विहित नमुन्यातील प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि ते देण्यासाठी चित्र कोणत्या उपकरणावर घेतले गेले हे सांगता यावे लागते. चित्राचा हक्क काढणाऱ्याचाच असतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तो त्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे टिकतो. गृहप्रकल्पाच्या माहितीपत्रकावर आपलाच सूर्यास्त विनापरवाना छापलेला आढळला, तर मूळ फाइल तिथेही कामी येते.