बोटभर शेगडीचं गणित

होस्टेलमधली विजेची शेगडी आठवते? पांढऱ्या मातीच्या ताटलीत नागमोडी खाचा, खाचेत बसवलेली स्प्रिंगसारखी तार, आणि रेक्टरची चाहूल लागली की पलंगाखाली सरकणारी ती तापलेली वस्तू. तार तुटली की नवी कुणी आणायचं नाही. दोन्ही टोकं ओढून एकमेकांत अडकवायची आणि चहा ठेवायचा. असं तीन-चार वेळा झालं की शेगडी आधीपेक्षा लाल व्हायची, चहा लवकर उकळायचा, आणि एखाद्या रात्री अख्ख्या मजल्याचा फ्यूज जायचा.

का जायचा, ते शाळेतल्या ओहमच्या नियमात आहे. २३० व्होल्टवर चालणाऱ्या २००० वॉटच्या शेगडीचा रोध सुमारे २६.५ ओहम असतो. तारेचा पाव भाग जळून गेला की उरतो जेमतेम २० ओहम, आणि तीच शेगडी २६५० वॉट खायला लागते. तार आखूड, रोध कमी, करंट जास्त.

आता हीच शेगडी पेन्सिलीच्या जाडीची करा, तिच्या पोटात कापूस भरा आणि ती तोंडापासून चार बोटांवर धरा. झाला तुमचा रिबिल्डेबल ॲटमायझर. व्हेपिंग करणारे बहुतेक लोक कारखान्यात बनलेली कॉइल वापरतात किंवा सगळं उपकरणच फेकून देतात. काहीजण मात्र तार विकत आणून कॉइल स्वतः वळतात. इथे बॉथेलमध्ये तुमच्या घरातल्या एखाद्या सज्ञान मुला-मुलीच्या टेबलावर तारेची रिळं, कापसाच्या पट्ट्या, चिमटा आणि इवलासा स्क्रूड्रायव्हर दिसला, तर ते नेमकं काय करतायत हे कळावं म्हणून हा लेख. (सज्ञान म्हणजे २१ पूर्ण. वॉशिंग्टन राज्यात १ जानेवारी २०२० पासून विक्रीची ही वयोमर्यादा आहे.) निकोटीनचं व्यसन लागतं, हे काही मी नव्याने सांगायला नको. पण कॉइल वळणाऱ्याला व्यसनाच्या जोडीला इंजिनिअरची जबाबदारीही घ्यावी लागते, आणि ती कुणी बजावून सांगत नाही.

तारेपासून सुरू करू. साधी लोखंडी तार लाल होईपर्यंत तापवली की हवेत गंजून तुटते. १९०६ साली अमेरिकेत अल्बर्ट मार्श यांना निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूचं पेटंट मिळालं. तीच आपली नायक्रोम. तापल्यावर तिच्यावर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर बसतो आणि आतला धातू वाचतो. पुढे स्वीडनमध्ये हान्स फॉन कान्ट्झो यांनी लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियम मिसळून कांथल केली. गावाचं नाव हालस्टाहामार. आडनावातला ‘कांट’ आणि गावातला ‘हाल’ जोडून झालं कांथल. तिच्यावर थर बसतो तो ॲल्युमिनियम ऑक्साइडचा.

समजा २६ गेजची कांथल घेतली. जाडी ०.४ मिलिमीटर, मीटरमागे रोध साधारण ११ ओहम. ३ मिलिमीटरच्या दांड्यावर सहा वेढे मारले तर वेढ्यांना साडेसहा सेंटिमीटरच्या आसपास आणि दोन पायांना एखादा सेंटिमीटर तार लागते. रोध होतो सुमारे ०.८ ओहम. पूर्ण चार्ज झालेली १८६५० बॅटरी ४.२ व्होल्ट देते. म्हणजे पाच अँपिअर, २० वॉटच्या थोडं वर. इथपर्यंत सगळं ठीक.

मग जास्त धूर हवासा वाटतो. दोन कॉइल समांतर बसवल्या की रोध निम्मा होतो. जाड तार, कमी वेढे घेतले की आणखी उतरतो. ०.१५ ओहमला करंट होतो २८ अँपिअर. चांगल्या प्रतीच्या कित्येक १८६५० बॅटऱ्यांची सतत करंट देण्याची मर्यादा २० अँपिअर असते, म्हणजे ०.२१ ओहमच्या खाली गेलात की मर्यादा ओलांडली. उपकरणात इलेक्ट्रॉनिक्स असेल तर ते रोध मोजतं आणि नकार देतं. पण ‘मेकॅनिकल मॉड’ नावाचा जो प्रकार असतो, त्यात फक्त नळी, बटण आणि बॅटरी. तिथे नकार देणारं कुणी नाही. तारेचा कापायचा राहिलेला पाय बाहेरच्या टोपीला टेकला, तर रोध जवळजवळ शून्य. होस्टेलमध्ये निदान फ्यूज तरी होता.

हा कागदावरचा धोका नाही. बॉथेलमधून तासाभराच्या आत सिॲटलच्या हार्बरव्ह्यू मेडिकल सेंटरला पोहोचता येतं. तिथल्या डॉक्टरांनी ऑक्टोबर २०१५ ते जून २०१६ या काळात ई-सिगारेटच्या बॅटरीचा स्फोट होऊन जखमी झालेल्या १५ जणांवर उपचार केले आणि २०१६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ला पत्र लिहून ते कळवलं. निम्म्याहून अधिक रुग्णांच्या जखमा मांडीवर किंवा जांघेत होत्या. म्हणजे खिशाच्या जागी. खिशात सुट्टी बॅटरी आणि किल्ल्या एकत्र आल्या की कॉइलचीही गरज उरत नाही.

बॅटरीचं गणित जमलं तरी काम अर्धंच झालं. उरलेलं अर्धं कापसाचं आणि हवेचं, आणि मला विचाराल तर जास्त रंजक तेच आहे.

द्रवात मुख्यतः दोन पदार्थ असतात. प्रॉपिलिन ग्लायकॉल १८८ अंश सेल्सिअसला उकळतं, ग्लिसरीन २९० ला. ढोबळमानाने एक मिलिग्रॅम द्रवाची वाफ करायला सव्वा ते दीड जूल ऊर्जा लागते. २० वॉटची कॉइल तीन सेकंद चालली तर ६० जूल, म्हणजे फार तर ४० ते ५० मिलिग्रॅम द्रवाची वाफ. तेवढा द्रव कापसातून तारेपर्यंत तेवढ्याच वेळात पोहोचला पाहिजे. समईची वात वळलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. वात फार घट्ट झाली तर तेल चढत नाही आणि ज्योत वातच खाते. फार सैल झाली तर तेल गळतं. कॉइलमधला कापूसही ओढल्यावर किंचित अडखळत सरकावा, इतपतच भरायचा. आणि ग्लिसरीन घट्ट असल्याने ते जास्त असलेला द्रव हळू चढतो, हेही लक्षात ठेवायचं.

द्रव उकळत असेपर्यंत तारेचं तापमान आटोक्यात असतं, कारण उष्णता वाफ न्यायला लागते. द्रव संपला की ती उष्णता कापसात आणि उरल्यासुरल्या द्रवात शिरते. ग्लिसरीन तुटून ॲक्रोलीन होतं. तेल करपल्यावर नाकात झोंबतं ते हेच. त्याच्या जोडीला फॉर्माल्डिहाइडही तयार होतं.

हवा इथे तीन कामं करते. तारेला गार करते, तारेलगतची वाफ उचलून नेते, आणि त्या वाफेला थंड करून तिचे थेंब बनवते. किटलीच्या तोटीशी नीट पाहिलंत तर तोटीला लागून थोडी जागा रिकामी दिसते आणि त्यापुढे पांढरं धुकं सुरू होतं. खरी वाफ त्या रिकाम्या जागेत असते. व्हेपिंगचा ‘धूर’ म्हणजे असंच थेंबांचं धुकं. भोकाचा व्यास एकाऐवजी दोन मिलिमीटर केला तर क्षेत्रफळ चौपट होतं. तेवढ्याच ओढीला कितीतरी जास्त हवा येते, झुरका मोकळा लागतो, वाफ गार आणि विरळ होते. भोक बंद करत नेलं आणि वॉट तेवढेच ठेवले, तर वाफ दाट आणि गरम होते, आणि तारही जास्त तापते.

पण नुसत्या भोकाने भागत नाही. हवा कॉइलवरूनच गेली पाहिजे. कॉइल फार उंच किंवा एका बाजूला बसली तर बरीचशी हवा तिला वळसा घालून निघून जाते आणि मधले वेढे तापत राहतात. चिलीम ओढणाऱ्या जुन्या माणसांना हे पुस्तकाशिवाय कळत होतं. आतला खडा जरा चुकीचा बसला की ओढ बिघडते, आणि खाली गुंडाळलेलं ओलं फडकं धूर गार करायला असतं. कॉइल वळणारे कापूस भरण्याआधी तिला कमी वॉटवर क्षणभर पेटवून पाहतात. लाली मधून सुरू होऊन दोन्हीकडे पसरली पाहिजे, कारण टोकांची उष्णता स्क्रूचे खांब ओढून घेतात. कडेचा एखादाच वेढा आधी लाल झाला तर वेढे नीट बसलेले नाहीत किंवा स्क्रू सैल आहे.

या सगळ्यावर एक गाजलेला वाद झाला. जानेवारी २०१५ मध्ये पोर्टलंड स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी त्याच ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये कळवलं की ३.३ व्होल्टला फॉर्माल्डिहाइड सोडणारी संयुगं सापडली नाहीत, पण ५ व्होल्टला दहा झुरक्यांमागे सरासरी ३८० मायक्रोग्रॅम सापडली. ग्रीसचे कॉन्स्टान्टिनोस फार्सालिनोस आणि सहकाऱ्यांनी त्याच वर्षी दाखवलं की अल्डिहाइडचं प्रमाण भरमसाट वाढतं ते कापूस कोरडा पडल्यावर, आणि असा करपट झुरका अनुभवी माणूस लगेच ओळखून सोडून देतो. माझ्या मते दोघांचे आकडे एकमेकांना खोडत नाहीत. वॉट, कापूस आणि हवा यांचा मेळ तुटला की काय होतं हे दोघांनी दोन बाजूंनी मोजलं. मात्र चव जिभेला कळेपर्यंत थांबणं हा काही सुरक्षिततेचा उपाय नव्हे. त्यापेक्षा तापमान-नियंत्रण बरं. स्टेनलेस स्टील किंवा निकेलच्या तारेचा रोध तापल्यावर वाढतो (निकेलचा तर २०० अंशांच्या वाढीला दुपटीहून जास्त), त्यावरून उपकरण तापमान ताडतं आणि करंट तोडतं. कांथलचा रोध तापूनही जवळपास तेवढाच राहतो, म्हणून तिथे ही सोय नाही.

आता दिवाळीला घरी जाणाऱ्यांसाठी. भारतात सप्टेंबर २०१९ च्या वटहुकुमाने आणि त्याच वर्षीच्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, विक्री, साठवण, वाहतूक आणि आयात, सगळंच बंद केलं आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. अमेरिकेतल्या विमानात सामान हातातल्या बॅगेत न्यायची मुभा आहे म्हणून ते मुंबईलाही चालेल, असं धरून निघू नका. उपकरण बॉथेलच्या घरीच राहू द्या. बॅटरी काढून प्लास्टिकच्या डबीत, आणि ती डबी किल्ल्यांच्या ड्रॉवरमध्ये नको.